भिंत फोडण्याआधी
१४ एप्रिल जवळ आली की आपल्या वस्त्यांत रंगरंगोटी, डागडुजी सुरू होते. मजुरी वाचावी म्हणून जुना ओटा, लादी, आडभिंत आपणच फोडतो. आपल्यातले कित्येक जण गवंडी, बिगारी. हातोडा आपल्याला नवा नाही. पण धूळही अंगवळणी पडली आहे, हीच चिंतेची गोष्ट.

वाळू, सिमेंट, लादी यांच्या धुळीत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात रुततात. वर्षानुवर्षे ते श्वासातून गेले तर सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, शिवाय क्षयरोगाचा धोका वाढवतो.

म्हणून आधी तयारी करू. भिंतीवर स्लॅबचा भार नाही ना, हे जाणकाराला दाखवावे. विजेचा मेन स्विच, पाणी आणि गॅस बंद करावा. लहान मुले, गरोदर स्त्रिया, दम्याचे रुग्ण यांना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवावे. फोडण्याआधी आणि फोडताना पाणी मारावे. तोंडाला रुमाल पुरत नाही. एन-९५ मास्क, चष्मा आणि बूट हवेतच. राडारोडा ओला करूनच उचलावा, कोरडा झाडू मारू नये. सिमेंटचा जुना पत्रा फोडू वा कापू नये; त्यात अॅस्बेस्टॉस असू शकते.

घरी लागलेली ही सवय कामाच्या जागीही न्यावी. तिथे ठेकेदाराकडे मास्क हक्काने मागावा.