छाप काचेत मुरते तेव्हा
(लेखमाला : मण्याची काच – लेखांक ६)

हाताने वळलेल्या मण्यावर छापील चित्र भाजून बसवायचं म्हटलं, की काचकाम जाणणाऱ्या अनेकांच्या कपाळाला आठी पडते. ज्योतीपुढे बसलेला कारागीर काचेच्या बारीक दोऱ्याने तापल्या मण्यावर ठिपके कसे देतो, एकेका ठिपक्याची पाकळी कशी ओढतो, हे मागच्या लेखांकांत आपण पाहिलं. त्या कामाला वर्षानुवर्षांचा हात लागतो. मग कागदावरचं तयार फूल पाण्यात भिजवून मण्यावर सरकवणं ही पळवाट नाही का, असा आक्षेप येणारच. त्यामागे कष्टांचा आदर आहे, म्हणून तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण माझ्या मते तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. या कामात चित्र काढण्याचा भाग मण्यावरून कागदावर जातो हे खरं, पण मणी जमला की फसला हे ठरतं काच, आकार आणि आच यांच्या मेळावर, आणि तो मेळ घालणं हे मणी करणाऱ्याचंच काम राहतं.

आधी ही छाप म्हणजे काय ते नीट पाहू. आपल्या घरातल्या कपबशीवर कानाजवळ गुलाबाची जी पट्टी असते, ती बहुतेक वेळा कोणी कुंचल्याने काढलेली नसते. ते डेकल असतं. मण्यावरचं डेकल त्याच कुळातलं. एका खास कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर जाळीतून छापलेलं चित्र आणि त्यावर लॅकरचा पारदर्शक पापुद्रा, अशी त्याची बांधणी. स्टिकर आणि डेकल यांच्यातला सगळा फरक मधल्या थरात आहे. स्टिकरवर शाई असते. डेकलमध्ये असते ती काचेची पूड, म्हणजे सहज वितळणारी, धातूंच्या ऑक्साइडांनी रंगवलेली काच, तेलकट माध्यमात कालवून छापलेली. मीनाकारीत जो मिना भरतात, त्याचंच हे भावंड. भट्टीत डिंक जळतो, लॅकर जळतं, माध्यम जळतं. उरते फक्त काच, आणि ती खालच्या काचेला धरते. भाजून झाल्यावर मण्यावर ‘चिकटवलेलं’ असं काही शिल्लकच राहत नाही.

हे जवळून पाहण्यासारखं आहे. चित्राचा तुकडा कोमट पाण्यात टाकला की कागद आधी गुंडाळला जातो, मग हळूहळू उलगडतो. अर्ध्याएक मिनिटात बोटाखाली तो पापुद्रा हलू लागतो. तो ओल्या मण्यावर सरकवायचा, जागेवर आणायचा आणि मधून कडेकडे दाबत खालचं पाणी बाहेर काढायचं. मणी जेमतेम बोराएवढा, त्यामुळे हे काम ओल्या स्पंजच्या कोपऱ्याने नाहीतर रबराच्या टोकाने होतं. मोहरीएवढा पाण्याचा थेंब आत राहिला तरी भट्टीत त्याची वाफ होते, पापुद्रा फुगतो, फुटतो आणि फुलाच्या मध्यावर उघड्या काचेचा ठिपका उरतो. म्हणून मणी किमान एक दिवस वाळवतात. भट्टीचं दारही सुरुवातीला किंचित उघडं ठेवतात. लॅकर साधारण 400 अंश सेल्सिअसच्या आत जळून जातं आणि त्याचा धूर कोंडला, तर रंग मळतो.

खरी कसोटी पुढे आहे. इटलीतल्या मुरानोच्या ज्या सोडा-चुना काचेच्या कांड्या जगभरचे ज्योतीवर काम करणारे वापरतात, त्यांचे मणी 500 ते 520 अंशांच्या आसपास निववतात. काचेसाठीची कमी आचेची डेकल साधारण 540 ते 620 अंशांना पिकतात. चिनी मातीच्या भांड्यांवरच्या छापांना मात्र 750 ते 850 अंश लागतात. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पेच दिसतो. छाप मुरायची तर तिची काच मऊ व्हायला हवी, आणि मणी वाचायचा तर त्याची काच फार मऊ होता कामा नये. दोन्ही काचाच, त्यामुळे या दोन मर्यादांमधली पट्टी फार अरुंद. आच कमी पडली तर रंग खरखरीत, निस्तेज राहतो आणि नखाने निघतो. जास्त झाली तर मणी बसतो, ज्या बाजूवर टेकलाय ती बाजू सपाट होते, भोक लंबगोल होतं. म्हणून दुसऱ्या भाजणीत मणी फरशीवर ठेवत नाहीत. मातीचा लेप दिलेल्या पोलादी सळईत ओवून ती सळई दोन विटांवर आडवी टेकवतात, म्हणजे छापलेला पृष्ठभाग कशालाच शिवत नाही. 700 अंशांच्या मागे-पुढे काच फार वेळ रेंगाळली तर पृष्ठभागावर स्फटिक धरतात आणि धुरकट साय येते, हा आणखी एक धोका. भट्टीला आकडा देऊन मोकळं होता येत नाही. मणी किती जाड, कोणत्या रंगाचा, भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यात, यावर तो आकडा बदलतो.

त्यात भर प्रसरणाची. तापली की काच फुगते आणि प्रत्येक काच वेगळ्या मापाने फुगते. मुरानोच्या कांडीसाठी 104 हा आकडा देतात. 1 मीटर लांबीची कांडी 500 अंशांनी तापवली तर ती सुमारे 5 मिलिमीटर वाढेल, असा त्याचा अर्थ. आपल्या स्वयंपाकघरात ‘बोरोसिल’ म्हणून परिचित झालेली बोरोसिलिकेट काच तेवढ्याच तापात दीड-पावणेदोन मिलिमीटरच वाढते. छापेची काच आणि मण्याची काच यांचं हे माप फार वेगळं असेल, तर थंड होताना दोघींत ताण राहतो. दोन जाड काचा असत्या तर मणी तडकलाच असता. छापेचा थर केसापेक्षाही पातळ असतो, म्हणून थोडा फरक खपून जातो. फरक मोठा असला, की काही दिवसांनी रंगाच्या कडेने बारीक भेगा उमटतात. भट्टीतून मणी सुखरूप निघाला म्हणजे काम झालं असं नाही. सावकाश निववणं या दुसऱ्या भाजणीतही चुकत नाही.

आता आकाराचं पाहू, कारण ‘तयार चित्र चिकटवलं’ म्हणणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही. सपाट कागद गोळ्यावर सुरकुती न पडता बसूच शकत नाही. 1827 साली गणिती गाउसने मांडलेल्या प्रमेयाचा हा रोजच्या व्यवहारातला पुरावा. नळकांड्यावर कागद नीट बसतो, गोळ्यावर तो ताणावा तरी लागतो किंवा कापावा तरी. ऊब दिली की लॅकरचा पापुद्रा थोडा ताणला जातो, पण ताणाला हद्द आहे. मोठं चित्र गोल मण्यावर घ्यायचं तर शिंपी ब्लाउजला टक्स घालतो तशा कडेने चिरा द्याव्या लागतात. म्हणून जाणता कारागीर आधी चित्र ठरवतो आणि मग त्याला पेलेल असा मणी वळतो: नळीसारखा, मसूरडाळीसारखा चपटा, किंवा तापला असतानाच चिमट्यात दाबून दोन सपाट गाल दिलेला. रंगाचंही तसंच. छापेचे बरेच रंग अर्धपारदर्शक असतात, ते दुधी, हस्तिदंती, फिक्या पार्श्वभूमीवर उठतात. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यासारख्या काचेवर तेच चित्र बुडून जातं, खाली पांढरा थर दिला तरच दिसतं. चित्र आणि मणी हे असे एकमेकांना बांधलेले असताना मणी केवळ चित्राचा पाट आहे असं म्हणणं मला पटत नाही.

पुनरावृत्तीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकाच छापखान्यातून शंभर सारखी फुलं निघतात, मग प्रत्येक मणी वेगळा असण्याचं मोल कुठे राहिलं? इथे मण्यांचा इतिहास आपल्या मदतीला येतो. रोमन काळातल्या मोझेक मण्यांवर माणसांचे इवलेसे चेहरे दिसतात, आणि ते मण्यावर रंगवलेले नाहीत. रंगीत काचांची जुडी बांधून, तापवून, ओढून लांब कांडी करायची, तिच्या आडव्या छेदात चेहरा असायचा, आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा चकत्या काढून त्या मण्यात बसवायच्या. एका कांडीतून कितीतरी सारखे चेहरे निघत. 19व्या शतकाच्या मध्यावर काचकारागीर जाकोमो फ्रांकिनीने मुरानोच्या याच तंत्राने गॅरिबाल्डी आणि काव्हूर या इटालियन नेत्यांची व्यक्तिचित्रं काही मिलिमीटरच्या छेदात उतरवली, तीही एकाच चित्राच्या अनेक प्रती निघाव्यात अशा रीतीनेच. मण्याच्या कलेत एका साच्यातून अनेक प्रती काढणं हे कधीच पाप नव्हतं. छपाई रोमन मण्यांच्या कितीतरी नंतर, पण फ्रांकिनीच्या आधी आली. लिव्हरपूलचे जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी 1756 साली शपथेवर सांगितलं, की त्यांनी सहा तासांत 1200 हून अधिक फरशा छापल्या. ती झेप वेगाची होती आणि तिने हाताने रंगवणाऱ्यांच्या पोटावर पाय दिला, हेही मान्य करायला हवं. पण एकेक मणी वळून त्यावर एकेक तुकडा बसवणाऱ्याला तो वेग मिळतच नाही.

दुसरा आक्षेप असा, की खरी नक्षी काचेच्या अंगात हवी, वरवरची नव्हे. याचं उत्तर सिंधू संस्कृतीच्या मण्यांत आहे. पांढऱ्या रेषांची नक्षी असलेले लाल अकीकाचे मणी हडप्पाकालीन कारागीर करत होते; मेसोपोटेमियातल्या उरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत इसवी सनापूर्वी 2500 च्या सुमारास ते पोचले होते. ती नक्षी कोरलेली नव्हे. धुण्याच्या सोड्याचा लेप केर या झुडपाच्या कोवळ्या कोंबांच्या लगद्यात कालवून, त्याने रेषा काढून, मणी निखाऱ्यांत भाजायचा. ही रीत पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी सिंधमधल्या सेहवानला 1930च्या दशकाच्या सुरुवातीला पाहून नोंदवली. या मण्यांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा स्वतंत्र ग्रंथ 1949 साली काढला. पृष्ठभागावर लेप, मग आच, आणि आचेने तो लेप मण्याचाच भाग करणं: छापचित्राची रीत नेमकी हीच आहे. चार हजारांहून अधिक वर्षं त्या रेषा टिकल्या, त्या वरवरच्या कशा म्हणायच्या?

चित्र कोणाचं, हा प्रश्न मात्र उरतो, आणि इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. दुकानातलं गुलाबाचं तयार पान मण्यावर लावलं तर तंत्र कितीही नेटकं असो, मण्यात मणी करणाऱ्याचं म्हणणं थोडंच येतं. त्यावर तोड घरच्या लेझर प्रिंटरमध्ये आहे. काही प्रिंटरांच्या काळ्या चुंबकी टोनरमध्ये लोहाचं ऑक्साइड बरंच असतं. स्वतःचं रेखाटन किंवा जुनं हस्ताक्षर डेकलच्या कागदावर छापून भाजलं, की टोनरचं प्लास्टिक जळतं आणि लोह उरतं, काळ्याचा तांबूस तपकिरी होतो, जुन्या फोटोसारखा. घराच्या भिंतीला लावतो त्या गेरूचाच हा रंग. रंगीत टोनरचे सेंद्रिय रंग मात्र आचेत टिकत नाहीत. अडचण अशी, की या छापेत स्वतःची वितळणारी काच नसते. खालच्या काचेनेच मऊ होऊन लोहाला धरायचं, म्हणून तिला 730 अंश किंवा त्याहून अधिक आच लागते आणि मुरानोच्या मण्याला ती जड जाते. काही जण म्हणून ही छाप आधी सपाट काचेच्या तुकड्यावर भाजतात आणि मग तो तुकडा ज्योतीवर मण्यात बसवतात.

विकत घेणाऱ्याने काय पाहावं? मणी उजेडात तिरपा धरावा. पिकलेल्या छापेला खालच्या काचेसारखीच चकाकी असते, कडेवरून नख फिरवलं तर ते अडत नाही. टाचणीच्या टोकाने न दिसणाऱ्या जागी हलकेच ओरखडून पाहावं. भुकटी निघाली तर छाप कच्ची आहे, अंगाच्या घामाने आणि कापडाच्या घासणीने ती वर्षभरात विटेल. सहज वितळण्यासाठी जुन्या मिन्यांत शिशाचं ऑक्साइड घालत. आता शिसेमुक्त मिने मिळतात, तेव्हा लहान मूल मणी तोंडात घालण्याची शक्यता असेल तर हा प्रश्न विक्रेत्याला स्पष्ट विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत तो मणी मुलाच्या गळ्यात घालू नये. चित्र छापील आहे की हाताने काढलेलं, हेही विक्रेत्याने न विचारता सांगायला हवं.