रेषेचा चढ आणि बाळाचं वजन

कसारा घाट चढताना गाडी दमते, सपाटीला सुसाट धावते. असाच चढ गणितातल्या रेषेलाही असतो, आणि अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावरही.

तक्त्यावर आडवं वय, उभं वजन. दर महिन्याचे ठिपके जोडले की रेष तयार. वजन जितकं वाढलं, त्याला तितक्या महिन्यांनी भागा. हाच रेषेचा चढ.

समजा, सहाव्या महिन्यात ७ किलोची मुलगी नवव्या महिन्यात ८ किलो झाली. ३ महिन्यांत १ किलो, म्हणजे महिन्याला साधारण ३३३ ग्रॅम. शेजारची मुलगी सहाव्यात ८ किलो, नवव्यातही ८च. चढ शून्य! आज दोघींचं वजन सारखं, दोघी हिरव्या पट्ट्यात. पण काळजी दुसरीची. एकट्या ठिपक्यावरून हे कळत नाही.

रेष आडवी झाली किंवा खाली उतरली, तर थांबू नका. जुलाब, ताप झाला का, वरचं खाणं पुरतं का, हे अंगणवाडीताईंशी, आशाताईंशी बोला. आणि पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला निघालात, तर बाळाचं कार्ड सोबत घ्या. वजन चुकलं, की रेष तुटते.