चित्रछेदनाची तीन तपे

संगणकावर चित्र कापायचे म्हणजे ते पडद्यावर उघडून माऊसने चौकट आखायची, अशी समजूत आज सर्वत्र रूढ आहे. परंतु ज्या ग्रंथालयाला जुन्या नियतकालिकांची हजारो पाने एकाच मापाने कापायची असतात, किंवा ज्या नकाशाच्या कचेरीला एका विस्तीर्ण नकाशाचे लक्षावधी तुकडे पाडायचे असतात, तिचे काम या रीतीने कधीच निभत नाही. अशा कामांचा भार कमांड लाइनवरील साधनांनी वाहिला. गेल्या तीन तपांत त्यांचा वेग वाढला, त्यांना वाचता येणाऱ्या स्वरूपांची संख्याही वाढली. परंतु मूळ चित्राला कमीत कमी इजा पोहोचवून त्याचा अंश कसा वेगळा करावा, हा जो विवेक त्यांच्यात क्रमाक्रमाने मुरत गेला, तीच माझ्या मते त्यांची खरी कमाई होय.

या परंपरेचा आरंभ जेफ पॉस्कान्झर यांच्या ‘पीबीएमप्लस’ या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या संचापासून धरावा. ई-मेलने पाठवलेले चित्र वाटेत बिघडून जाण्याचे भय असे, त्या काळी पॉस्कान्झर यांनी चित्र साध्या अक्षरांतच लिहिण्याची तजवीज केली होती : पहिल्या ओळीत ‘पी१’ ही खूण, दुसरीत रुंदी आणि उंची, आणि त्याखाली काळ्या बिंदूला १ व पांढऱ्याला ० अशा आकड्यांच्या रांगा. अशा चित्राची उजवी कड नको असेल, तर प्रत्येक रांगेतील शेवटचे आकडे खोडून वरचा रुंदीचा आकडा दुरुस्त केला की छेद पुरा झाला; उरलेल्या एकाही बिंदूला धक्का लागत नाही. शिवाय वीस स्वरूपांतून परस्परांत रूपांतर करण्यासाठी ३८० स्वतंत्र प्रोग्रॅम लिहावे लागले असते, ते काम हे एक साधे स्वरूप मध्यस्थ मानल्यामुळे अवघ्या ४० प्रोग्रॅमांवर भागले. युनिक्समध्ये १९७३ पासून रुजलेल्या ‘पाइप’च्या सोयीने एकाने वाचावे, दुसऱ्याने कापावे, तिसऱ्याने लिहावे, अशी शिस्त त्यातून बसली. पुढे १९९३ साली हाच संच ‘नेटपीबीएम’ या नावाने विस्तारला, आणि १९९९ पासून ब्रायन हेंडरसन यांनी त्याची निगा चिकाटीने राखली.

पीबीएमप्लसच्या थोडे आधी, १९८७ साली, ड्यू पाँट कंपनीत जॉन क्रिस्टी यांच्यापुढे वेगळाच प्रश्न आला होता : कोट्यवधी रंगछटांचे चित्र केवळ २५६ रंग दाखवणाऱ्या पडद्यावर कसे उतरवावे. त्यातून जन्मलेले ‘इमेजमॅजिक’ कंपनीच्या संमतीने १ ऑगस्ट १९९० रोजी सर्वांसाठी मुक्त झाले. जुन्या पुस्तकाची समोरासमोरची दोन पाने एकाच चित्रात स्कॅन झालेली असली, की त्याच्या ‘क्रॉप’ या पर्यायाला ५०%×१००% एवढे माप दिले असता दोन्ही पाने आपोआप विलग होतात. मात्र पुष्कळदा कापलेला तुकडा मूळ चित्रातील आपल्या स्थानाची नोंद बरोबर बाळगतो, आणि ‘रीपेज’ करून ती पुसल्याखेरीज तो पुढे भलत्याच जागी जाऊन बसतो. प्रथम ही अडचण वाटते. परंतु तुकडे पुन्हा जुळवून अखंड चित्र उभे करायचे असते, तेव्हा तीच नोंद उपयोगी पडते.

जेपेगच्या बाबतीत मूळ चित्राला इजा न पोहोचवता छेद घेण्याचा प्रश्न अधिक नाजूक होता. हे चित्र उघडून, कापून पुन्हा जेपेग म्हणूनच साठवले, की न कापलेल्या भागाचाही तपशील थोडा झिजतो. इंडिपेंडंट जेपेग ग्रुपने १९९१ पासून जी साधने मुक्तहस्ते वाटली, त्यांच्या कुळातील ‘जेपेगट्रान’ने यावर उपाय काढला. २००९ च्या सातव्या आवृत्तीपासून ते चित्र बिंदूंपर्यंत न उलगडता, ज्या ८×८ अथवा १६×१६ बिंदूंच्या ठोकळ्यांत ते साठवलेले असते त्यांच्याच सीमेवर छेद घेऊ लागले. छेदाची डावी आणि वरची कड ठोकळ्याच्या सीमेपर्यंत सरकते, एवढी तडजोड पत्करली की उरलेले चित्र जसेच्या तसे राहते.

प्रचंड आकाराच्या चित्रांचा बंदोबस्त अन्यत्र झाला. जुन्या तैलचित्रांचे रंग कालौघात कसे पालटतात हे मोजण्यासाठी लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या सहभागाने ‘वासारी’ हा युरोपीय प्रकल्प १९८९ साली सुरू झाला, आणि त्यासाठी जॉन क्युपिट व कर्क मार्टिनेझ यांनी ‘व्हिप्स’ रचले. समग्र चित्र स्मृतीत न ओढता, लागेल तेवढाच प्रदेश वाचून पुढे सरकावा, हे त्याचे तत्त्व. नकाशांच्या क्षेत्रात फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ साली ‘जीडॅल’ हाती घेतले. पुढे वेबवरील नकाशांसाठी २५६ बिंदूंच्या चौरस फरशा पाडण्याचे कामही त्याच्याच साधनांकडे आले. शून्याव्या पातळीवर सारे जग एका फरशीत मावते, आणि दहाव्या पातळीवर फरशांची संख्या १०,४८,५७६ होते. हे काम मनुष्याच्या हाताने होणे नाही.

या वाटचालीत एक कठोर धडाही मिळाला. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधील एक गंभीर छिद्र उघडकीस आले : काही स्वरूपे ते बाहेरच्या प्रोग्रॅमांकडे सोपवीत असे, आणि त्या वाटेने चित्राच्या वेषातील फाइल यंत्रावर हवे ते हुकूम चालवू शके. परक्याने दिलेले चित्र हाती घेताना कोणती स्वरूपे स्वीकारावीत याची मर्यादा आधीच आखून द्यावी, हा नियम त्यानंतर व्यवहारात पक्का झाला.

आज महाराष्ट्रातील ज्या संस्था आपली दप्तरे आणि जुनी मासिके स्कॅन करीत आहेत, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. इमेजमॅजिकची ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा एरवी मूळ फाइलीवरच नवे चित्र लिहिते, म्हणून ती नेहमी प्रतीवर चालवावी. मूळ स्कॅन अबाधित ठेवावे. आणि ज्या आज्ञेने छेद घेतला ती आज्ञा अक्षरशः लिहून त्याच दप्तरात रुजू करावी. माऊसने घेतलेल्या छेदाचे माप सहसा मागे उरत नाही. लिहिलेली आज्ञा मात्र पुढच्या पिढीतील कोणालाही तपासता येते, आणि चुकली असेल तर दुरुस्त करून पुन्हा चालवता येते.