हेगचे न्यायालय आणि परमुलखातील बंदिवान

आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हटले की सामान्य माणसाच्या मनात दोन परस्परविरुद्ध कल्पना उभ्या राहतात. एक अशी की, जगातील सर्व न्यायालयांच्या वर बसलेले ते थोर न्यायपीठ असून, जेथे कोठेच न्याय मिळाला नाही तेथील माणसाने अखेर तेथे दाद मागावी. दुसरी अशी की, ज्याच्या पदरी ना शिपाई ना तुरुंग, त्या न्यायालयाचा निकाल म्हणजे नुसता कागद! या दोन्ही कल्पना अपुऱ्या आहेत. त्या कशा, हे समजून घेण्यास कुलभूषण जाधव यांच्या खटल्याइतके जवळचे उदाहरण मराठी माणसाला दुसरे क्वचितच सापडेल.

प्रारंभीच एक खुलासा करावयास हवा. नेदरलँड्समधील हेग या एकाच नगरात दोन निरनिराळी न्यायालये आहेत आणि वृत्तपत्र वाचताना त्यांची नेहमी गल्लत होते. पहिले संयुक्त राष्ट्रसंघाचे आंतरराष्ट्रीय न्यायालय. त्यात पंधरा न्यायाधीश असतात व त्यांची मुदत नऊ वर्षांची असते. येथे वादी आणि प्रतिवादी दोन्ही राष्ट्रेच असावी लागतात. व्यक्तीला तेथे उभे राहता येत नाही. दुसरे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. ते २००२ साली सुरू झाले. ते राष्ट्रांचा नव्हे, तर व्यक्तींचा न्याय करते, आणि तोही वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे व आक्रमण या चारच अपराधांपुरता. रशियाचे अध्यक्ष पुतिन यांच्यावर मार्च २०२३ मध्ये व इस्राएलचे पंतप्रधान नेतान्याहू यांच्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये पकडवॉरंट काढले, ते या दुसऱ्या न्यायालयाने. मार्च २०२५ मध्ये फिलिपाइन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना अटक करून आणले, तेही याच न्यायालयापुढे. भारत या दुसऱ्या न्यायालयाचा सभासद नाही. जाधव यांचा खटला चालला तो पहिल्या न्यायालयात.

गोव्याच्या शेजारी राहणाऱ्या वाचकांना पहिल्या न्यायालयाचे नाव तसे नवे नाही. दादरा व नगर हवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात भारताविरुद्ध तेथेच फिर्याद गुदरली होती. त्या खटल्यात भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश होते मुंबईचे न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला. १९६० च्या एप्रिलात निकाल लागला. भारताच्या हद्दीतून सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असे न्यायालयाने ठरविले. तो वाद भूमीचा होता. जाधव यांच्या बाबतीत एका माणसाचा प्राण पणाला लागला होता.

सांगलीत जन्मलेले जाधव हे भारतीय नौदलातील निवृत्त अधिकारी. इराणात व्यापार करीत असता त्यांना पळवून नेण्यात आले, असे भारताचे म्हणणे. ते हेर असून मार्च २०१६ मध्ये बलुचिस्तानात पकडले गेले, असे पाकिस्तानचे म्हणणे. भारताने वारंवार मागणी करूनही वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्यांची भेट दिली गेली नाही. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना देहान्ताची शिक्षा ठोठावल्याचे जाहीर झाले. ८ मे रोजी भारत हेगला गेला; हरीश साळवे यांनी बाजू मांडली; आणि १८ मे रोजी, अंतिम निकाल लागेपर्यंत फाशी देऊ नये, असा हुकूम न्यायालयाने केला.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी जाधवांची आई व पत्नी यांना इस्लामाबादेत त्यांची भेट मिळाली. मध्ये काचेचा पडदा होता. भारत सरकारने नंतर जाहीर केल्याप्रमाणे, दोघींना मंगळसूत्र, बांगड्या व कुंकवाची टिकली काढून ठेवावी लागली, आणि आईला मुलाशी मातृभाषेत बोलू दिले गेले नाही. मुलगा दीड वर्षाहून अधिक काळ बंदिवासात, गळ्याशी फाशीचा दोर, आणि आईने त्याच्याशी मराठीत बोलावयाचे नाही! परक्या मुलखातील बंदिवानाला आपल्या माणसाची गाठ पडणे का आवश्यक असते, हे समजण्यास अधिक भाष्याची गरज नाही.

हीच आवश्यकता ओळखून १९६३ साली व्हिएन्ना येथे राष्ट्रांनी एक करार केला. त्याचे छत्तिसावे कलम सांगते की, परदेशात कोणी पकडला गेला तर त्याला त्याच्या हक्कांची माहिती विनाविलंब द्यावी. त्याची इच्छा असल्यास त्याच्या देशाच्या वकिलातीस कळवावे. आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटण्याची, त्याच्याशी पत्रव्यवहार करण्याची व त्याला वकील मिळवून देण्याची मोकळीक असावी. भारत व पाकिस्तान या दोहोंनी हा करार मानलेला आहे. त्यावरून उद्भवणारे वाद हेगच्या न्यायालयाने सोडवावेत, हा जोडकरारही दोघांनी स्वीकारलेला होता. न्यायालयाला अधिकार मिळाला तो या सहीतून.

१७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचे ठरविले. विरुद्ध मत पाकिस्तानने नेमलेल्या न्यायाधीशांचे होते. चीनच्या न्यायाधीश मात्र बहुमताबरोबर होत्या. हेराला हे कलम लागू नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद फेटाळला गेला, कारण करारात तसा अपवादच नाही. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, जाधव हेर आहेत वा नाहीत, याचा निवाडा न्यायालयाने केलाच नाही. आरोप कितीही भयंकर असो, हक्क शाबूत राहतो, एवढेच त्याने सांगितले.

तथापि शिक्षा रद्द करून जाधवांना सोडावे, ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा आणि तोवर फाशी देऊ नये, असा त्याचा आदेश होता. त्यानुसार सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्याची जाधवांशी पहिली भेट झाली. फेरविचारासाठी पाकिस्तानने २०२० मध्ये वटहुकूम व २०२१ मध्ये कायदा केला. ती भेट मोकळेपणाची नव्हती आणि कायदा अपुरा आहे, अशी भारताची तक्रार राहिली. २०२५ साल उजाडले तरी जाधव तुरुंगातच होते. पण फाशी झालेली नव्हती.

न्यायालयाचा हुकूम प्रत्येक वेळी पाळला जातोच असे नाही. १९९९ च्या मार्चमध्ये वाल्टर लाग्रांड या जर्मन कैद्याची शिक्षा थांबविण्याचा हुकूम हेगहून निघाला, आणि अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने त्याच दिवशी त्याला देहदंड दिला. २००४ साली मेक्सिकोच्या कैद्यांच्या बाजूने निकाल लागला असताही, त्यांपैकी एकाला टेक्सासने २००८ मध्ये देहदंड दिलाच. मात्र लाग्रांडच्या मरणानंतर, २००१ मध्ये, न्यायालयाने दोन गोष्टी कायमच्या स्पष्ट केल्या: असे तातडीचे हुकूम बंधनकारक आहेत, आणि छत्तिसाव्या कलमातील हक्क केवळ राष्ट्राचा नसून त्या कैद्याचाही आहे. जाधवांच्या खटल्यातील भारताची बाजू याच पायावर उभी होती.

हा हक्क फक्त गाजलेल्या खटल्यांपुरता आहे, असे मात्र कोणी समजू नये. गुंजी, खानापूर, निपाणी या भागांतील एखादा तरुण आखाती देशांत कामाला जावा, जहाजावर खलाशी व्हावा, यात आज नवल राहिलेले नाही. तेथे एखाद्या भांडणात, अपघातात वा परवान्याच्या घोटाळ्यात तो अडकला, तर त्याला समजेल अशी भाषा बोलणारे कदाचित कोणीच जवळ नसेल. अशा वेळी "माझ्या देशाच्या वकिलातीला कळवा" एवढे एक वाक्य त्याने म्हणावयाचे असते. न समजलेल्या भाषेतील कागदावर सही करण्यापूर्वीच ते म्हणावे. घरच्यांनीही त्याच्या पारपत्राची नक्कल, मालकाचा पत्ता आणि तेथील भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक तो निघण्यापूर्वीच टिपून ठेवावा. हेगच्या न्यायालयात सामान्य माणसाला जाता येत नाही. पण त्या न्यायालयाने जपलेला हा हक्क मागण्यासाठी हेगला जाण्याची गरजही नाही. तो अटकेच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच पोलीस ठाण्यात मागावयाचा असतो.