‘जेमिनी’ : आकाशातील जुळे आणि शिवारातील जुळे

भेंडीच्या हिरव्या पानावर पिवळ्या शिरांचे जाळे पसरलेले शेतकरी बंधूंनी अनेकदा पाहिले असेल. मूग, उडीद व सोयाबीन यांच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उमटणे, किंवा टोमॅटो व मिरचीची पाने आकसून झाड खुजे राहणे, हे प्रकारही परिचयाचे आहेत. अशा झाडांविषयी तज्ज्ञांकडे विचारणा केली असता ‘हा जेमिनी विषाणूंचा रोग आहे’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. शब्द कानाला नवा. म्हणून कोणी त्यास औषधाचे नाव समजतो, तर कोणास राशिभविष्यातील मिथुन रास आठवते. वास्तविक या शब्दाचा अर्थ अगदी साधा असून तो नीट समजल्यास रोगाची ओळख पटण्यास व निष्फळ खर्च टाळण्यास मदत होते. म्हणून प्रस्तुत लेखात या शब्दाचा अर्थ, त्याचे निरनिराळे उपयोग आणि शेतीशी असलेला त्याचा संबंध यांची माहिती दिली आहे.

मूळ अर्थ

‘जेमिनस’ हा लॅटिन, म्हणजे प्राचीन रोमन लोकांच्या भाषेतील शब्द आहे. त्याचा अर्थ जुळा असा होतो. ‘जेमिनी’ हे त्याचे अनेकवचन असून त्याचा अर्थ जुळे भाऊ किंवा जुळी भावंडे. एका वेळी जन्मलेली दोन मुले हा मूळ अर्थ. परंतु पुढे एकमेकांस चिकटून असलेल्या किंवा जोडीने आढळणाऱ्या कोणत्याही दोन सारख्या वस्तूंना हा शब्द लावला जाऊ लागला. निरनिराळ्या शास्त्रांत तो गेला तो याच व्यापक अर्थाने.

व्याकरणात एकच व्यंजन दोनदा जोडून येते, त्यास याच शब्दावरून नाव पडले आहे. आपल्या ‘कच्चा’, ‘पक्का’, ‘हत्ती’ या शब्दांत ते दिसते; आपण त्यास द्वित्त म्हणतो. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या एका मज्जातंतूच्या तीन शाखा असल्यामुळे वैद्यकात त्यास ‘ट्रायजेमिनल’, म्हणजे तिळ्यांचा, असे नाव आहे. वनस्पतिशास्त्रात एकाच पेऱ्यावर जोडीने आलेल्या पानांचे वर्णन या शब्दाने करतात. अश्वगंधेच्या वरच्या फांद्यांवर अशी जोडपाने आढळतात. त्यांतील एक पान पुष्कळदा मोठे व दुसरे लहान असते. अमेरिकेने १९६५ व १९६६ साली दोन-दोन अंतराळवीर ज्या यानांतून पाठविले, त्यांनाही दोघांच्या जोडीमुळेच ‘जेमिनी’ हे नाव देण्यात आले होते.

आकाशातील जुळे

या शब्दाचा सर्वांत जुना व प्रसिद्ध उपयोग आकाशातील तारकासमूहासाठी झाला. ग्रीक व रोमन लोकांनी दोन ठळक ताऱ्यांना कॅस्टर व पोलक्स या जुळ्या भावांची नावे दिली. त्यांच्या कथेप्रमाणे कॅस्टर मर्त्य व पोलक्स अमर होता. भाऊ मरण पावल्यावर पोलक्सने आपले अमरत्व त्याच्याशी वाटून घेतले. आपल्याकडे त्याच राशीस ‘मिथुन’ म्हणतात. मिथुन म्हणजे जोडपे. पाश्चात्त्यांनी तेथे दोन भाऊ पाहिले, आपण स्त्री-पुरुषांची जोडी पाहिली. परंतु दोन ही संख्या दोघांनीही राखली.

हेच दोन तारे म्हणजे आपले पुनर्वसू नक्षत्र होय. तारे दोन असल्यामुळे संस्कृतात हा शब्द द्विवचनी योजीत, आणि त्यासंबंधी पाणिनीच्या व्याकरणात स्वतंत्र सूत्रही आहे. शेतकऱ्यास मात्र हे नक्षत्र पावसाच्या हिशेबाने ठाऊक असते. मृग व आर्द्रा यांच्यानंतर जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुनर्वसूत प्रवेश करतो. या काळातील पावसास आपल्याकडे ‘तरणा पाऊस’ व पुढील पुष्य नक्षत्रातील पावसास ‘म्हातारा पाऊस’ म्हणतात. सूर्य नक्षत्रात असताना ते नक्षत्र रात्री दिसू शकत नाही. म्हणून पुनर्वसूची जोडी पाहावयाची असल्यास जानेवारी-फेब्रुवारीत, रब्बी ज्वारीच्या राखणीच्या दिवसांत, रात्री डोक्यावर पाहावी. दोहोंपैकी किंचित अधिक तेजस्वी व पिवळसर तो पोलक्स. दुसरा कॅस्टर डोळ्यांना एक दिसला तरी तो सहा ताऱ्यांचा समूह आहे, असे दुर्बिणीने व वर्णपटाच्या अभ्यासाने आढळून आले आहे.

शिवारातील जुळे

आता मूळ विषयाकडे वळू. पिकांच्या काही रोगांचे विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहताना १९७० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांना एक वेगळी गोष्ट दिसली. या विषाणूंचे कण सुटे नसून दोन-दोन गोल कण एका बाजूने चिकटून जुळ्या फळांसारखे दिसत होते. जोडकेळ किंवा जुळे बोर डोळ्यांसमोर आणल्यास या आकाराची कल्पना येईल. या जुळ्या रूपावरूनच त्यांस ‘जेमिनी विषाणू’ हे नाव मिळाले आणि १९७८ साली त्यांचा स्वतंत्र गट मान्य करण्यात आला. आज या कुळात पाचशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत.

हा जुळा कण सुमारे ३० नॅनोमीटर लांब असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. असे तेहतीस हजार कण एका ओळीत मांडले तर त्यांची लांबी सुमारे एक मिलिमीटर भरेल. कणाच्या प्रथिनाच्या कवचात डीएनए या आनुवंशिक द्रव्याचे एकपदरी वर्तुळ असते. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. कण जुळा असला तरी त्यात असे वर्तुळ एकच असते. या गटातील काही विषाणूंचे आनुवंशिक द्रव्य दोन वर्तुळांत विभागलेले आहे. तेव्हा ती दोन वर्तुळे दोन वेगवेगळ्या जुळ्या कणांतून प्रवास करतात, आणि रोग पूर्णपणे होण्यास दोन्ही झाडात पोहोचावी लागतात.

नाव नवे असले तरी रोग जुना आहे. जपानमध्ये इ. स. ७५२ च्या सुमारास सम्राज्ञी कोकेन हिने एका कवितेत उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या वनस्पतीचे वर्णन केले होते. त्या वनस्पतीचा तो पिवळेपणा जेमिनी विषाणूमुळे येतो, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. वनस्पतींच्या विषाणुरोगाची ही सर्वांत जुनी लेखी नोंद समजली जाते. आपल्या भागात भेंडीवरील पिवळ्या शिरांच्या रोगाची नोंद १९२४ साली तत्कालीन मुंबई इलाख्यात कुलकर्णी या शास्त्रज्ञांनी केली. म्हणजे रोगाचे कारण दिसण्याच्या पन्नास वर्षे आधीच त्याची लक्षणे लिहून ठेवली गेली होती.

केवडा नाव एक, रोग दोन

लॅटिन नाव विषाणूच्या आकारावरून पडले, तर आपली मराठी नावे पानाच्या रूपावरून पडली आहेत. पान केवड्यासारखे पिवळे दिसले की रोगास ‘केवडा’ म्हणण्याची पद्धत आहे. त्यामुळे एक मोठी अडचण उद्भवते. बाजरी, ज्वारी, द्राक्ष व वेलवर्गीय भाज्या यांवरील केवडा हा बुरशीसदृश सूक्ष्म जीवांमुळे होतो. मूग, सोयाबीन किंवा भेंडी यांवरील ज्या रोगास पुष्कळ ठिकाणी केवडाच म्हणतात, तो मात्र जेमिनी विषाणूंमुळे होतो. नाव एक म्हणून औषधही एक, असे समजून भेंडीवर बुरशीनाशक फवारले जाते. त्याचा काडीमात्र उपयोग होत नाही. पैसा जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे आठ-दहा दिवस हातचे जातात. तेवढ्या अवधीत रोग शेजारच्या झाडांवर पोहोचतो.

शेतात पुढील खुणा पाहाव्यात :

१. सकाळी दव असताना पान उलटून पाहावे. खालच्या बाजूस पांढुरकी किंवा करडी लव आढळल्यास तो बुरशीसदृश केवडा समजावा. विषाणूच्या रोगात अशी लव नसते. मात्र पानाखाली पांढऱ्या माशा बहुधा आढळतात.

२. लोहाच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात. परंतु त्यात शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. भेंडीच्या विषाणुरोगात याउलट प्रथम शिराच पिवळ्या होतात. तसेच कमतरतेची झाडे बहुधा चुनखडीच्या पट्ट्यात सलग दिसतात, तर विषाणूची झाडे प्रारंभी विखुरलेली दिसतात.

३. मिरचीची पाने वळली म्हणजे विषाणूच, असे समजू नये. फुलकिड्यांमुळे पाने वरच्या बाजूस व कोळ्यांमुळे खालच्या बाजूस वळतात. कीड नियंत्रणात आल्यावर नवी पालवी सुधारत असेल तर रोग विषाणूचा नाही. पेरी आखूड होऊन शिरा जाड झाल्या व नवी पालवीही तशीच आली, तर विषाणूचा संशय घ्यावा.

२०२३ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीन पिवळे पडून मोठे नुकसान झाले, तेव्हा पिवळ्या मोझॅकबरोबर मूळकूज व खोडकूजही आढळली होती. अशा प्रसंगी झाड उपटून मूळ व खोड पाहिल्याशिवाय सल्ला देणे योग्य नव्हे.

प्रसार कसा होतो

भेंडी, मूग, टोमॅटो व मिरचीवरील जेमिनी विषाणूंचा प्रसार पांढरी माशी करते. ही माशी सुमारे एक मिलिमीटर लांब असून पानाच्या खालच्या बाजूस राहते. रोगट झाडाचा रस शोषताना विषाणू तिच्या पोटात जातो, तेथून रक्तात व पुढे लाळग्रंथीत पोहोचतो. यास काही तास लागतात. त्यानंतर ती माशी अनेक दिवस, निरोगी झाडाचा रस शोषताना विषाणू त्यात सोडीत राहते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात. म्हणजे आज जे झाड पिवळे दिसते, त्याची लागण मागेच झालेली असते. या गटातील काही विषाणू तुडतुड्यांमार्फतही पसरतात. आफ्रिकेतील मक्यावरील रेषारोग हे त्याचे उदाहरण होय.

झाडात शिरलेल्या विषाणूचा नाश करणारे औषध शेतकऱ्यास उपलब्ध नाही. लागण जितकी लवकर, तितके नुकसान अधिक. म्हणून पहिले महिना-दीड महिना पीक जपणे हेच खरे नियंत्रण होय.

उपाय

१. टोमॅटो व मिरचीची रोपे नायलॉनच्या बारीक जाळीखाली तयार करावीत. ४० ते ५० मेशची जाळी वापरावी व ती चहूबाजूंनी मातीत दाबावी.

२. मुख्य पिकाच्या आधी शेताच्या कडेने मका, ज्वारी किंवा बाजरीच्या दोन-तीन ओळी पेराव्यात. बाहेरून येणाऱ्या माशीस त्यामुळे अडथळा होतो.

३. रोपवयापासून आठवड्यातून दोनदा पीक फिरून पाहावे. रोगट झाड दिसताच ते पिशवीत घालून उपटावे व पुरून किंवा जाळून टाकावे. बांधावर टाकू नये; तेथून माशा पुन्हा पिकावर येतात.

४. बांधावरील ओसाडी, चिकणा यांसारखी तणे काढावीत. विषाणू व माशी यांना पीक नसताना त्यांचा आश्रय मिळतो. जुन्या भेंडीला लागून नवी भेंडी लावू नये.

५. पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीवर लावावेत. माशी दिसू लागताच पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूस पोहोचेल असा फवारावा. रासायनिक कीटकनाशक त्या पिकासाठी शिफारस केलेलेच व लेबलवरील मात्रेतच वापरावे. एकच औषध वारंवार वापरू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांच्या अतिवापराने पांढरी माशी उलट वाढल्याचे दिसून आले आहे.

६. सहनशील वाणांची निवड करावी. परभणी येथील कृषि विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून काढलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण याच रोगासाठी प्रसिद्ध झाला. तथापि विषाणू बदलत असल्यामुळे कोणत्याही वाणाची सहनशीलता कायम टिकत नाही. म्हणून पेरणीपूर्वी त्या वर्षाची शिफारस विचारून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभेत हा विषय मांडताना परक्या शब्दापासून प्रारंभ करण्याऐवजी रोगट व निरोगी पान हाती घेऊन प्रारंभ करावा. बाजरीचा केवडा व भेंडीचा केवडा शेजारी शेजारी दाखविल्यास दोहोंतील भेद तात्काळ लक्षात येतो. त्यानंतर जुळ्या कणांची हकीकत सांगावी. आकाशातील जुळे तरण्या पावसाच्या दिवसांत सूर्याच्या तेजात लपलेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत खरिपाची रोपे कोवळी असतात आणि शिवारातील जुळे कामास लागतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु त्यांना वाहून आणणारी माशी दिसते, आणि पहिले पिवळे झाडही दिसते. ते झाड त्याच दिवशी उपटले गेले तर पुढील अनेक झाडे वाचतात.