मक्याची खोडकुज व जमिनींतील उपकारक बुरशी

मक्याचें पीक तुऱ्यावर येईपर्यंत हिरवेंगार असावें, कणसांत दाणा भरूं लागावा, आणि नेमकीं त्याच वेळीं ताटें सुकून बुडख्याशीं मोडून पडावीं, हा अनुभव आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंस आहे. असें ताट उभें चिरून पाहावें. आंतील भेंड कुजून नुसते उभे धागे उरलेले असतात, व त्यांवर काजळी उडवावी तसे बारीक काळे कण दिसतात. प्रस्तुत लेखकाच्या शेतांत हें प्रथम घडलें तेव्हां पाण्याची ओढ बसली असें समजून आम्ही स्वस्थ बसलों. पुढील वर्षीं त्याच तुकड्यांत पुन्हा मका पेरला आणि दुप्पट नुकसान सोसलें.

ते काळे कण मॅक्रोफोमिना नांवाच्या बुरशीचे होत. धसकटांत व मातींत ते दीर्घकाळ जिवंत राहतात. फुलोऱ्यानंतर उष्णता वाढून ओल कमी पडली, कीं रोग बळावतो. म्हणजे पाण्याची ओढ हें निमित्त खरें, पण मूळ कारण नव्हे. हीच बुरशी ज्वारीसही लागते, म्हणून मक्यामागून ज्वारी घेऊन फेरपालट झाली असें समाधान मानूं नये.

ह्या शत्रूवर जगणारी दुसरी बुरशीही जमिनींतच असते. तिचें नांव ट्रायकोडर्मा. हें नांव पर्सून ह्या शास्त्रज्ञानें १७९४ सालीं दिलें. परंतु ती रोगकारक बुरशीस वेटोळें घालून तिला खाऊन टाकते, ही गोष्ट १९३२ सालीं अमेरिकेंत वाइंडलिंग ह्यांनीं दाखविली. शत्रूच्या तंतूंचें कवच विरघळविणारे पाचक रस ती सोडते. शिवाय मुळाभोंवतालची जागा व अन्न ती आधींच बळकावते. आणखी एक गोष्ट अलीकडे कळून आली आहे, व आम्हांस तीच अधिक मोलाची वाटते: मक्याच्या मुळाच्या बाहेरील थरांत ही बुरशी बेतानें शिरते, तेणेंकरून झाड सावध होतें आणि त्याची स्वतःची प्रतिकारशक्ति जागी होते.

वापरण्याची रीत कठीण नाहीं. दर किलो बियाण्यास ५ ग्रॅम भुकटी, बीं किंचित् ओलें करून चोळावी, सावलींत सुकवावें व लगेच पेरावें. परंतु पिशवीबंद संकरित बियाणें बहुधा बुरशीनाशक औषध लावून रंगविलेलें येतें. औषधास मित्र व शत्रु हा भेद कळत नाहीं! अशा वेळीं बियाण्याऐवजीं खतांतून देणेंच शहाणपणाचें. १ किलो भुकटी १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून ढीग सावलींत झांकून ठेवावा, पाणी शिंपडून ओल राखावी, तीन-चार दिवसांनीं वरखालीं करावा. आठवड्यानें तें खत एका एकरास पेरणीच्या वेळीं सरींतून द्यावें. कोरड्या मातींत तें टाकणें व्यर्थ होय.

भुकटी जिवंत आहे हें विसरूं नये. एका दुकानीं उन्हांतल्या फळीवर पडलेला पुडा आम्ही स्वस्त म्हणून घेतला. त्याचा कांहीं एक उपयोग झाला नाहीं. पुड्यावरील मुदत पाहावी, आणि दर ग्रॅमांत निदान २० लाख जिवंत बीजाणू असल्याचें लिहिलें आहे कीं नाहीं हेंही पाहावें.

एकदां ताटें वाळूं लागल्यावर हा उपाय चालत नाहीं. पानांवरील करपा किंवा लष्करी अळी ह्यांसाठीं तर तो मुळींच नव्हे. फुलोऱ्यांत पाणी देणें व रोगट धसकटें वेंचून जाळणें हीं कामें करावींच लागतात. ज्यांस शंका असेल त्यांनीं पहिल्या वर्षीं चार सऱ्या खताशिवाय सोडाव्या, आणि कापणीच्या वेळीं दोन्हींकडील शंभर-शंभर ताटें चिरून काळीं किती निघतात तें मोजावें.