बारावीचा रकाना रिकामा असेल तर? नोकरीच्या फॉर्ममध्ये लपलेला भेदभाव



कॅम्पस प्लेसमेंटचा सीझन आला की कॉलेजच्या ग्रुपवर एक ओळ हमखास फिरते: 'दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे ६० टक्के हवेत.' आपण ती वाचतो, आपले मार्क आठवतो आणि पुढे जातो. नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे संधीही सगळ्यांना सारखी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तसं का होत नाही आणि त्यात सॉफ्टवेअरचा हात किती असतो, हे आजच्या लेखात पाहू. सुरुवात माझ्यापासूनच करते.

माझा रिकामा रकाना

मी दहावीनंतर डिप्लोमाला गेले. तीन वर्षांत हातात काहीतरी पडेल, नाही जमलं तर लगेच नोकरी करता येईल, असं घरचं साधं गणित होतं. आमच्या पॉलिटेक्निकच्या वर्गात बऱ्याच जणांचं असंच होतं. नंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन मिळाली. हिशोब केला तर कुणाचंच वर्ष वाया जात नाही: अकरावी-बारावी आणि चार वर्षं डिग्री, किंवा तीन वर्षं डिप्लोमा आणि तीन वर्षं डिग्री. दोन्हीकडे सहाच वर्षं.

शेवटच्या वर्षाला एका कंपनीचा ऑनलाइन फॉर्म आला. 'बारावीचे टक्के' या रकान्यावर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. डिप्लोमासाठी रकानाच नव्हता. प्लेसमेंटचं काम बघणारे सर म्हणाले, "शून्य टाक, पुढचं पुढे बघू." मी शून्य टाकलं. शून्य हे ६० पेक्षा कमी असतं. यादीत नाव आलं नाही. पुढचं बघायला कुणी नव्हतं. कॅम्पसबाहेर नोकरी शोधायला मला आठ महिने लागले.

तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी आपल्याला मुद्दाम नाकारलं. आता मी स्वतः कोड लिहिते, तेव्हा कळतं की बहुतेक कुणी काही ठरवलंच नव्हतं. आणि खरी अडचण तीच आहे.

'नल' म्हणजे शून्य नव्हे

दोन वर्षांपूर्वी फ्रेशर भरतीचे अर्ज चाळण्याचं छोटं टूल बनवायचं काम ऑफिसात माझ्याकडे आलं. बारावीचा रकाना मी आठवणीने ऐच्छिक ठेवला आणि डिप्लोमाचा वेगळा रकाना दिला. आपण यावेळी नीट केलं, याचं समाधानही होतं.

यादी लागून सहा आठवडे झाल्यावर एचआरमधली मैत्रीण डेस्कपाशी आली. "एका मुलाचा फोन येतोय सारखा. म्हणतोय, निवड झाली नसेल तर तसं कळवा तरी. पण तो नाकारलेल्यांच्या यादीतही नाहीये."

मी आकडे काढले. अर्ज ४१२. पुढे गेलेले १३८. नाकारलेले २५१. बेरीज ३८९. उरलेले २३ जण कुठेच नव्हते.

असं का झालं ते समजून घेऊ, कारण डेटाबेस शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे होऊ शकतं. रकाना रिकामा सोडला की डेटाबेसमध्ये तिथे 'नल' बसतं. नल म्हणजे शून्य नाही. नल म्हणजे 'इथे काही माहिती नाही'. एसक्यूएलला विचारा, 'नल हे ६० किंवा त्याहून जास्त आहे का?' उत्तर 'हो' येत नाही आणि 'नाही'ही येत नाही. तिसरंच उत्तर येतं: 'अज्ञात'. आणि अट लावून यादी काढताना एसक्यूएल फक्त 'हो' उत्तराच्या ओळी देतं.

म्हणून '६० किंवा जास्त' या यादीत ते २३ जण आले नाहीत. '६० पेक्षा कमी' या यादीतही आले नाहीत. निवडीचा मेल पहिल्या यादीला गेला, नकाराचा दुसऱ्या यादीला. या २३ जणांना काहीच गेलं नाही. बहुतेक सगळे डिप्लोमावाले. आणि ती क्वेरी मीच लिहिली होती. डिप्लोमाचा रकाना फॉर्ममध्ये दिला होता, पण चाळणीच्या अटीत तो घ्यायचा राहून गेला होता.

एचआरचं म्हणणं खरं होतं: "आपण डिप्लोमावाल्यांना नको असं कधी म्हटलंच नव्हतं." म्हटलं नव्हतं, पण झालं मात्र तेच.

सारखा नियम, वेगळा परिणाम

आता हेच जरा मोठं करून बघा. फॉर्ममध्ये जात, धर्म, गरिबी असा रकाना नसतो. पण त्यांच्या जागी उभे राहणारे रकाने असतात. 'शिक्षणात गॅप नको' ही अट आजारपण, घरातलं दुखणं-खुपणं किंवा फीचे पैसे जमेपर्यंत थांबलेलं वर्ष ओळखत नाही. 'इंग्रजी माध्यम असल्यास उत्तम' ही ओळ मराठी शाळेत शिकलेल्या मुलीच्या कोडिंगबद्दल काहीच सांगत नाही. ऑनलाइन परीक्षेत वेबकॅम आणि न तुटणारं इंटरनेट लागतं, तेव्हा परीक्षा थोडी घराचीही होते. अशा रकान्याला आमच्या क्षेत्रात 'प्रॉक्सी' म्हणतात: मोजतो एक, पण चाळली जाते दुसरीच गोष्ट.

मग माणसांऐवजी एआयला निवड करू द्यावी का? अ‍ॅमेझॉनने २०१४ पासून असं टूल बनवायचा प्रयत्न केला होता. कंपनीकडे आधीच्या दहा वर्षांत आलेल्या बायोडाटांवरून ते शिकत होतं, आणि ते बायोडाटा बहुतांश पुरुषांचे होते. परिणामी 'महिला बुद्धिबळ क्लब' अशा उल्लेखातला 'महिला' हा शब्द दिसला की टूल गुण कमी करू लागलं. फक्त महिलांसाठी असलेल्या दोन कॉलेजांच्या पदवीधरांनाही त्याने खाली ढकललं. ते काम पुढे बंद करण्यात आलं आणि २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली. मशीनला कुणी भेदभाव शिकवला नव्हता. त्याने जुनी नोंदवही वाचली आणि तिचाच कित्ता गिरवला.

आणि आपल्याकडची नोंदवही कशी आहे? यूजीसीचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये आला होता. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात ठेवला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. अशा निवडींचा डेटा मशीनला दिला तर ते काय शिकेल, हे वेगळं सांगायला नको.

भेदभाव मोजायचा कसा?

अमेरिकेत १९७८ पासून एक सोपी कसोटी वापरली जाते: चार-पंचमांश नियम. एखाद्या गटातून निवड होण्याचं प्रमाण, सर्वाधिक निवड झालेल्या गटाच्या प्रमाणाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर निवडीची पद्धत तपासायची. तिथे ती वंश आणि लिंग यांसाठी आहे. आपल्याकडे असा नियम नाही, पण गणित आपण कुठेही वापरू शकतो.

समजा, बारावी करून आलेले २०० आणि डिप्लोमा करून आलेले ४० अर्जदार आहेत. पहिल्यातले ५० पुढे गेले, म्हणजे २५ टक्के. दुसऱ्यातले ४ गेले, म्हणजे १० टक्के. १० भागिले २५ म्हणजे ०.४. हे ०.८ च्या बरंच खाली आहे. म्हणजे अन्याय सिद्ध झाला का? नाही. आकडे लहान असले तर योगायोगही असू शकतो. पण 'थांबा, आतली अट उघडून बघा' इतकं हे गणित नक्की सांगतं. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं, तर सहा आठवडे गेले नसते.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात तीन गोष्टी. संविधानाचं कलम १६ समान संधीची हमी देतं, पण ती सरकारी नोकरीसाठी आहे. खाजगी कंपनीत स्त्रियांशी भरतीत भेदभाव करू नये, हे मात्र १९७६ च्या समान वेतन कायद्यातच होतं, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व आहे. तिसरं, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातलं कलम २१ सांगतं की प्रत्येक आस्थापनेने, खाजगी धरून, आपलं समान संधी धोरण जाहीर करावं. मुलाखतीला जाण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर ते शोधा. नसेल तर विचारा.

तुम्ही विद्यार्थी असाल तर

१. जो रकाना तुम्हाला लागूच नाही, त्यात शून्य टाकू नका आणि खोटा आकडा तर अजिबात नको. 'मी डिप्लोमा मार्गाने आले आहे, टक्के कुठे भरू?' असा ई-मेल करा, फोन नको. लेखी असलं की पुढे दाखवता येतं.

२. बायोडाटाची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी उलटसुलट झाल्या तर चाळणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्या तशाच दिसण्याची शक्यता आहे. दोन कॉलमचं सुंदर डिझाइन सोडा, साधा एक कॉलम ठेवा. स्कॅन केलेला फोटो पीडीएफ म्हणून पाठवू नका.

३. फोटो, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय हे बायोडाटात लागत नाही. जुन्या नमुन्यांत असतं म्हणून आपण भरत बसतो.

४. गॅप असेल तर एका साध्या वाक्यात सांगा आणि त्या काळात काही शिकलात तर तेही लिहा. माफी मागायची गरज नाही.

५. दिव्यांग असाल आणि परीक्षेला जास्त वेळ, लेखनिक किंवा स्क्रीन रीडर लागणार असेल, तर तारीख ठरल्याबरोबर लेखी मागा. आयत्या वेळी सांगितलं तर हो म्हणणाऱ्यालाही व्यवस्था करता येत नाही.

तुम्ही कोड लिहीत असाल तर

रिकामं, शून्य आणि नापास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्याच ठेवा. आत आलेले अर्ज आणि बाहेर पडलेल्या याद्यांची बेरीज जुळते का, हे रोज तपासा. प्रत्येक नकारामागचं कारण नोंदवा. पहिल्या चाळणीत नाव झाका. आणि टेस्ट डेटात फक्त 'सरळ' वाटेने आलेला विद्यार्थी ठेवू नका. डिप्लोमावाला, गॅपवाली, आडनाव न लावणारा, लग्नानंतर नाव बदललेली, असे सगळे ठेवा.

त्या २३ अर्जांचं पुढे काय झालं? आम्ही अट दुरुस्त केली आणि ज्यांचे डिप्लोमाचे टक्के पुरेसे होते त्या सगळ्यांना माफीसकट मेल पाठवला. ९ जणांनी उत्तर दिलं, त्यांच्या मुलाखती झाल्या. फोन करत राहिलेला मुलगा त्यात होता. बाकीच्यांनी तोवर दुसरीकडे काम धरलं असेल, किंवा मेल उघडलाच नसेल. तो एक मुलगा फोन करत राहिला म्हणून चूक सापडली. माझ्या वेळी मी फोन केला नव्हता. तुम्ही करा.